बक्षीस मिळणे आणि बक्षीस लागणे

मराठीत बक्षीस ‘मिळते’ आणि बक्षीस ‘लागते’ही, पहिल्यात कर्तृत्व असते, दुसऱ्यात नशीब. हा फरक नजरेआड झाला, तर एकोणिसाव्या शतकातील एका सुंदर शिळाछापाचा अर्थ हमखास चुकतो. ‘अमेरिकन आर्ट-युनियनच्या बक्षिसांचे वाटप’ (आर्ट-युनियन ही एक कलासंस्था) या शीर्षकाचा हा शिळाछाप टी. एच. मॅटसन यांच्या रेखाटनावरून फ्रान्सिस डाविन्यों यांनी दगडावर उतरवला आणि तो १८४८ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रसंग २४ डिसेंबर १८४७ चा आहे आणि स्थळ न्यूयॉर्कमधील ब्रॉडवे टॅबरनॅकल हे विशाल प्रार्थनागृह. शीर्षक वाचून हा चित्रकारांचा गौरव समारंभ असावा असे वाटते. प्रत्यक्षात ती सोडत आहे.

कलावंतांचा खरा गौरव कसा रंगवला जाई, हे फ्रान्स्वा-जोझेफ हाइम यांच्या लूव्रमधील १८२७ च्या तैलचित्रात दिसते. १८२४ च्या पॅरिस सालोन या कलाप्रदर्शनानंतर राजा दहावा शार्ल स्वतः मानचिन्हे देत आहे, भोवती कलावंत उभे आहेत आणि मागच्या भिंती छतापर्यंत चित्रांनी भरलेल्या आहेत. तिथे देणारा आणि घेणारा हाच चित्राचा गाभा आहे.

न्यूयॉर्कच्या शिळाछापात असा गाभा शोधू नये, कारण तिथे बक्षीस घेणारा चित्रकार नाहीच. संस्थेचा सभासद वर्षाला पाच डॉलर वर्गणी भरी. त्याबदल्यात त्याला एक छापचित्र मिळे आणि संस्थेने चित्रकारांकडून विकत घेतलेल्या कलाकृतींच्या सोडतीत त्याचे नाव येई. चित्रकाराला मोबदला आधीच मिळालेला असे. चित्र कोणाच्या घरी जाणार, एवढेच त्या संध्याकाळी ठरायचे असे. म्हणून सभागृहात दाटलेला जनसमुदाय ही इथे पार्श्वभूमी नसून तोच चित्राचा नायक आहे, असे मला ठामपणे वाटते. त्यातील कोणाचेही नाव निघू शकत होते, आणि राजा केंद्रस्थानी असलेल्या चित्रात ही शक्यता मावूच शकत नाही.

पुढे १८५२ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयांनीही ‘वाटप’ या नावापलीकडे पाहिले, या व्यवहाराला बेकायदेशीर लॉटरी ठरवले आणि संस्थेजवळ उरलेल्या चित्रांचा त्याच वर्षी लिलाव झाला.