हिरवा थर की हिरवी भुकटी? बोटीच्या कांस्यावर काय ठेवायचं, काय काढायचं

कांस्याच्या वस्तूवर हिरवं दिसलं की आपला हात पितांबरीकडे जातो. जुन्या बोटीच्या गोल खिडकीच्या किंवा दोर बांधायच्या क्लीटच्या बाबतीत आधी ते हिरवं कुठल्या जातीचं आहे, ते बघा.

गडद हिरवा किंवा तपकिरी, सलग आणि नखाने न निघणारा थर म्हणजे पॅटिना. हवेतला ओलावा, कार्बन डायऑक्साइड आणि गंधकाची संयुगं यांची तांब्याशी वर्षानुवर्षं प्रक्रिया होऊन तो तयार होतो आणि खालच्या धातूला जपतो. माझ्या मते तो काढूच नये. घासाल तेवढा धातू उघडा पडेल आणि पुन्हा नव्याने झिजेल.

फिकट पोपटी, पिठासारखी, ठिपक्याठिपक्यांनी येणारी भुकटी मात्र घातक. काडीने टोकरलं की ती झडते आणि खाली खड्डा दिसतो. हा ब्राँझ डिसीज. समुद्राच्या पाण्यातलं क्लोराइड धातूत मुरतं आणि तांब्याशी मिळून क्युप्रस क्लोराइड होऊन दबून राहतं. ओलावा आणि ऑक्सिजन मिळाला की त्यातून ही भुकटी बनते, सोबत हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं. ते आम्ल ताजं तांबं खातं, पुन्हा क्युप्रस क्लोराइड तयार होतं आणि हे चक्र आतल्या आत चालू राहतं.

पुण्यात फसगत होते ती ऋतूमुळे. हवेतली आर्द्रता साधारण ४५ टक्क्यांच्या खाली असली की हे चक्र थंडावतं. म्हणून एप्रिलच्या कोरड्या उन्हात जुन्या बाजारातून घेतलेली वस्तू निरोगी वाटते आणि जुलैत तिच्यावर पोपटी ठिपके उमटतात. शंका असेल तर ती घट्ट झाकणाच्या डब्यात ओल्या फडक्याशेजारी, फडकं न टेकवता, दोन-तीन दिवस ठेवून बघा.

भुकटी निघालीच तर बांबूच्या काडीने आणि मऊ ब्रशने कोरडीच झाडा. मग वस्तू डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवा आणि पाणी बदलत राहा. याला आठवडे लागतात. चिंच-मीठ अजिबात नको. घरच्या तांब्या-पितळेला ते चालतं, कारण भांडी लगेच भरपूर पाण्याने धुतली जातात. इथे मीठ म्हणजे क्लोराइडच, खड्ड्यांत गेलं की राहिलंच. नंतर पूर्ण वाळवून मेणाचा पातळ हात द्या. बेंझोट्रायअ‍ॅझोल या गंज रोखणाऱ्या रसायनाचा उपचार जाणकारांवर सोडा, ते रसायन हाताळायला धोक्याचं आहे.

खडकवासल्याच्या गोड्या पाण्यातल्या बोटीला एवढं लागत नाही. पुसून कोरडं ठेवणं आणि पावसाळ्याआधी मेण लावणं पुरतं.

आणि भाग हिरवा न होता गुलाबीसर पडत असेल, तर ते कांस्य नसून बहुधा पितळ आहे. त्यातलं जस्त निघून गेलंय, उरलेला धातू ठिसूळ झालाय. तो भाग साफ करत बसू नका, गनमेटलचा, म्हणजे कांस्याच्याच एका प्रकाराचा, नवा बसवा.