क्लिकर

क्लिकर : ‘द लास्ट ऑफ अस’ (नॉटी डॉग, १४ जून २०१३) या व्हिडिओ गेममधील कवकबाधित (बुरशीची लागण झालेला) मानवी राक्षस. संसर्ग वर्षभर मुरला की कवक कवटी फोडून बाहेर येते, डोळे झाकले जातात आणि हा राक्षस टकटक आवाज काढून प्रतिध्वनीच्या आधारे भक्ष्य शोधतो, अशी गेमची मांडणी आहे. यातील बरेचसे घटक कोकणात सुटे सुटे आढळतात; म्हणून शक्य तेथे तिकडचीच उदाहरणे घेतली आहेत.

उगम : बीबीसीच्या २००६ मधील निसर्गमालिकेतील बाधित मुंगीच्या दृश्यावरून ही कल्पना सुचल्याचे निर्मात्यांनी सांगितले आहे. मात्र कीटकावर ताबा मिळवणारे कवक त्याआधीही गेममध्ये येऊन गेले होते. जपानमध्ये १९९६ साली आलेल्या पोकेमॉनमधील ‘पॅरासेक्ट’ हा तसाच प्राणी. त्यामागे हिमालयातील कीडाजडीच्या कुळातील, अळ्यांवर उगवणारी कवके असावीत. एकाने दुसऱ्याची उचल केली असे मानण्यापेक्षा दोघांनी एकाच जीवशास्त्रावरून स्वतंत्रपणे घेतले, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

मूळ कवक : ऑफिओकॉर्डिसेप्स युनिलॅटरॅलिस. इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस यांना ते १८५९ च्या सुमारास इंडोनेशियातील सुलावेसी बेटावर मिळाले, असे सामान्यतः मानतात; शास्त्रीय वर्णन फ्रान्सच्या त्यूलान बंधूंनी १८६५ मध्ये केले. ब्राझीलमधील नमुन्यांवरून २०११ मध्ये यातून चार जाती वेगळ्या काढण्यात आल्या, त्यामुळे जुन्या लेखनातील ‘युनिलॅटरॅलिस’ हे नाव एका जातीचे न समजता जातिसमूहाचे समजावे. बाधित सुतारमुंगी झाडावरचे घरटे सोडून खाली उतरते, जमिनीपासून सुमारे २५ सेंमी. उंचीवर पानाच्या शिरेला चावा घेते आणि तशीच मरते (ही उंची थायलंडच्या जंगलातील, सर्वत्र तीच असेल असे नाही). मग तिच्या मानेजवळून दांडा फुटतो व बीजाणू (कवकाचे सूक्ष्म बीजकण) खाली झडतात. जर्मनीतील मेसेल येथील सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्म पानावर अशाच चाव्याच्या खुणा सापडल्या आहेत.

मुंगीचा ताबा नेमका कसा घेतला जातो, हा खरा वादाचा मुद्दा. कवक मेंदूत शिरून त्याचा कब्जा करते ही समजूत लोकप्रिय आहे आणि गेमही तीवरच उभा आहे. परंतु २०१७ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने घेतलेल्या त्रिमितीय प्रतिमांत कवकाच्या पेशी स्नायुतंतूंभोवती जाळे विणून बसलेल्या दिसल्या. मेंदूत मात्र त्या शिरलेल्या नव्हत्या. यावरून काहींनी स्नायूंवरील थेट ताब्याचा पक्ष घेतला. दुसरा पक्ष रासायनिक आहे : मेंदूच्या सान्निध्यात कवक वेगळी द्रव्ये स्रवते, असे २०१४ मधील प्रयोगांत आढळले होते. दोन्ही निरीक्षणे एकमेकांना छेद देत नाहीत. बाहेरून द्रव्यांचा मारा आणि आतून स्नायूंची पकड, असा जोडमार्ग संभवनीय दिसतो. म्हणजे क्लिकरचे डोके फोडून कवक बाहेर काढणे हा चित्रकाराचा निर्णय म्हणायचा. मुंगीशी इमान राखायचे तर ते हातापायांत दाखवायला हवे होते.

माणसात संसर्ग : अडसर तापमानाचा आहे. ३० ते ४० अंश सेल्सिअसच्या टप्प्यात दर अंशामागे आणखी सुमारे ६ टक्के कवकप्रकार बाद होतात, असे २००९ मधील एका विश्लेषणात दिसून आले. ३७ अंशांचे मानवी शरीर बहुतेकांना सोसत नाही. शिवाय ही कवके एकेका कीटकजातीशी इतकी जुळलेली असतात, की शेजारच्या जातीच्या मुंगीलाही त्यांच्याकडून अनेकदा तसे वागवता येत नाही.

कोकणातील उदाहरण : नारळाच्या बागेतील गेंड्या भुंगा. नवीन झाप उलगडला की त्रिकोणी कापलेला दिसतो, तो या भुंग्याचा प्रताप. झाप सुरळीच्या (न उलगडलेल्या) अवस्थेत असतानाच तो पोखरून जातो आणि त्याची अळी शेणखताच्या खड्ड्यात (गायरीत) वाढते. तिच्यावर मेटारायझियम हे कवक सोडतात. बीजाणू अळीच्या त्वचेला चिकटतो, रुजतो, विकरांच्या (एन्झाइमांच्या) साहाय्याने कवच भेदून आत शिरतो. काही दिवसांत अळी मरून कडक होते, अंगावर आधी पांढरा थर आणि नंतर ऑलिव्ह हिरवी भुकटी येते. हाच ‘हिरवी मस्कार्डिन’ नावाचा रोग. रशियन शास्त्रज्ञ इल्या मेच्निकॉव्ह यांनी १८७९ मध्ये ओडेसा भागात गव्हावरील भुंग्यांच्या बंदोबस्तासाठी हे कवक वापरून पाहिले होते. कीटकांना कवकाचा रोग होतो हे त्याआधीच, १८३५ मध्ये, इटलीच्या आगोस्तीनो बास्सी यांनी रेशीमकिड्यांवर दाखवून दिले होते. कोकणातल्या पावसाळी दमट हवेत हे कवक चांगले फोफावते. गायरीतली अळी मात्र मुंगीसारखी झाडावर चढून चावा घेत नाही, जागच्या जागी मरते. संसर्गाची पद्धत गेमपेक्षा येथे अधिक स्पष्ट दिसते. ताबा घेण्याचा भाग मात्र नाही.

टकटक : प्रतिध्वनीवरून अंतर ओळखणे मानवी आवाक्यातले आहे. काही अंध व्यक्ती बैल हाकताना काढतात तसा जिभेचा आवाज काढून अडथळे ओळखतात. या आवाजाचा जोर बहुधा २ ते ४ किलोहर्ट्‌झमध्ये असतो. ३ किलोहर्ट्‌झला हवेतील तरंगलांबी सुमारे ११ सेंमी. भरते आणि त्याहून बारीक वस्तूचा प्रतिध्वनी क्षीण येतो. तेव्हा क्लिकरला नारळाचा बुंधा सहज कळेल, पोफळीशी तो चाचपडेल आणि वाळत घातलेल्या जाळ्याचा दोर त्याला कळणारच नाही. कीटकभक्षी वटवाघळे ५० किलोहर्ट्‌झच्या आसपास काम करतात, तेथे तरंगलांबी ७ मिमी. उरते. (फळे खाणारी मोठी वटवाघळे मुख्यतः डोळ्यांवर आणि नाकावर विसंबतात, या चर्चेत त्यांना ओढण्याचे कारण नाही.) किनाऱ्यालगत दिसणारे कुबडे डॉल्फिन खाडीच्या गढूळ पाण्यात १०० किलोहर्ट्‌झच्या आसपासचे आवाज वापरतात. क्लिकरचे कान माणसाचेच राहिले असतील, तर २० किलोहर्ट्‌झपलीकडचे त्याला ऐकूच येणार नाही. आवाज कितीही बारीक काढला तरी पावणेदोन सेंमी.पेक्षा लहान वस्तू त्याच्या हाती लागणे कठीण.