हवामान बदलाची मानवी कारणमीमांसा

औद्योगिक क्रांतीपासून पृथ्वीचे सरासरी तापमान वाढत आले आहे. त्यात माणसाचा वाटा किती आणि निसर्गाचा किती, हे ठरवण्याची शास्त्रीय रीत व तिचे निष्कर्ष म्हणजे ही कारणमीमांसा. आयपीसीसी या हवामान बदलाचा आढावा घेणाऱ्या आंतरशासकीय मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार, १८५०–१९०० या काळाशी तुलना करता २०१०–२०१९ या दशकाचे तापमान १.०६ अंश सेल्सिअसने जास्त होते. त्याच काळातली मानवी कृतींमुळे झालेली वाढ अंदाजे १.०७ अंश. सूर्य आणि ज्वालामुखी यांचा एकत्रित परिणाम उणे ०.१ ते अधिक ०.१ अंश, म्हणजे जवळपास शून्य. तेव्हा माणूस हे ‘मुख्य’ कारण आहे असे म्हणणेही थोडे सौम्यच ठरते.

मराठीत या विषयाची एक वेगळी अडचण आहे. उद्या पाऊस येईल का, हेही ‘हवामान’ आणि तीस वर्षांची सरासरीही ‘हवामान’च. त्यामुळे ‘यंदा तर थंडी जोरात होती, मग कसली तापमानवाढ?’ हा प्रश्न आपल्याकडे अगदी सहज विचारला जातो. ‘जलवायुमान’, ‘वातावरणीय बदल’ असे पर्याय आहेत. पण ते सरकारी कागदांच्या फारसे बाहेर आलेले नाहीत.

कार्बन डायऑक्साइड उष्णता अडवून धरतो, हे एकोणिसाव्या शतकातच कळले होते. १८५६ मध्ये युनिस फूट यांनी काचेच्या नळ्या उन्हात ठेवून, तर पुढे जॉन टिंडल यांनी अधिक काटेकोर उपकरणांनी वायूंचे हे गुण तपासले. स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्ये हाताने आकडेमोड करून, हा वायू दुप्पट झाल्यास तापमान पाच-सहा अंशांनी वाढेल असे काढले. थंड देशात राहणाऱ्या या गृहस्थांना ती शक्यता वाईट वाटली नव्हती. १९३८ मध्ये गाय कॅलेंडर या इंग्रज अभियंत्याने १४७ केंद्रांच्या नोंदी जुळवून तापमान वाढू लागल्याचे दाखवले. तज्ज्ञांनी मात्र शंकाच घेतल्या. चित्र पालटले ते १९५८ पासून. चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटावरच्या मौना लोआ येथे सलग मोजणी सुरू केली, तेव्हा हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे सुमारे ३१५ भाग होते. औद्योगिक क्रांतीपूर्वी ते २८० च्या आसपास होते, २०२४ मध्ये ४२० च्या पुढे गेले.

हा जादा वायू आपल्याच चुलींचा आणि धुराड्यांचा कशावरून? इथे कारणमीमांसा गुन्ह्याच्या तपासासारखी होते, कारण प्रत्येक स्रोताचा ठसा निराळा असतो. कार्बनचे हलके-जड प्रकार असतात; त्यांतला हलका कार्बन-१२ वनस्पती अधिक घेतात. कोळसा, तेल आणि नैसर्गिक वायू प्राचीन जीवांपासून बनल्याने त्यांत कार्बन-१३ कमी असतो, आणि कोट्यवधी वर्षे गाडले गेल्याने, काळाबरोबर आपोआप नाहीसा होणारा कार्बन-१४ उरलेलाच नसतो. हवेतले कार्बन-१३ चे प्रमाण घटत चालले आहे. कार्बन-१४ अशाच रीतीने पातळ होत गेल्याची खूण हान्स सूस यांना १९५५ मध्ये झाडांच्या वलयांत सापडली. दुसरा पुरावा प्राणवायूचा. जळणाला प्राणवायू लागतो, आणि हवेतला प्राणवायू किंचित पण सातत्याने घटतो आहे. वायू समुद्रातून किंवा ज्वालामुखीतून आला असता, तर ही घट दिसली नसती. शिवाय ज्वालामुखींचे वार्षिक उत्सर्जन मानवी उत्सर्जनाच्या एक टक्क्याहूनही कमी भरते.

वातावरणाच्या थरांतही असाच ठसा आहे. सूर्य प्रखर झाला असता, तर खालचा आणि वरचा असे दोन्ही थर तापले असते. प्रत्यक्षात जमिनीलगतची हवा तापते आहे आणि वरचे स्थितांबर निवते आहे. स्युकुरो मनाबे व रिचर्ड वेदराल्ड यांच्या १९६७ च्या गणिताने नेमके हेच सांगितले होते. १९७८ पासून उपग्रहांनी मोजलेल्या सौरऊर्जेतही वाढीचा कल नाही.

‘हवामान तर आधीही बदलत होते’ हे खरेच आहे. हिमयुगे आली-गेली, ती पृथ्वीच्या कक्षेतल्या हजारो वर्षांच्या हेलकाव्यांनी; पण आजच्या गतीने ते हेलकावे चालत नाहीत. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या हवेनुसार औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या आठ लाख वर्षांत कार्बन डायऑक्साइड १८० ते ३०० भागांच्या दरम्यानच फिरत राहिला.

माणूस पृथ्वीला काही अंशी थंडही करतो, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. धुरातले गंधकयुक्त सूक्ष्मकण ऊन परतवतात. पिनाटुबो ज्वालामुखीने १९९१ मध्ये असेच कण उधळून जगाचे तापमान काही काळ सुमारे अर्ध्या अंशाने उतरवले होते. भारतात हा मुद्दा थेट पावसाशी जोडलेला आहे. पुण्याच्या आयआयटीएम या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत तयार झालेल्या २०२० च्या राष्ट्रीय अहवालानुसार १९०१–२०१८ मध्ये देशाचे तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. पण १९५१–२०१५ मध्ये मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला. गंगेचे मैदान आणि पश्चिम घाट इथे ही घट ठळक होती. त्यामागे सूक्ष्मकणांचा हात असल्याचे अहवाल मानतो.

वाद संपलेला नाही तो तपशिलात. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास तापमानातली वाढ २.५ ते ४ अंशांत असण्याची शक्यता अधिक, पण ही पट्टी अजून रुंदच आहे. एखाद्या ठरावीक पुराचा किंवा दुष्काळाचा दोष वाटून देणे त्याहून अवघड. मराठवाडा पर्जन्यछायेत आहे तो कारखाने येण्याच्या कितीतरी आधीपासून. तिथल्या विहिरी आटण्यात तापमानवाढीइतकाच, कधी तिच्याहून जास्त, वाटा उसाच्या पाण्याचा आणि खोल जाणाऱ्या बोअरचा असतो.