राकू वाडगा : मातीत कोंडलेली हवा

जपानमधील क्योतो शहरातील राकू या कुंभार घराण्याच्या भट्टीत चहाचा काळा वाडगा एका वेळी एकच भाजला जातो. लाकडी कोळशावर भात्याने वारा घालून तापमान सुमारे १,२०० अंश सेल्सिअसपर्यंत नेतात आणि झिलई (भांड्यावरचा काचेसारखा लेप) वितळून चकाकू लागली की लांब सांडशीने तो लालबुंद वाडगा थेट उघड्या हवेत बाहेर ओढतात. झिलई अजून मऊ असल्यामुळे सांडशीच्या पकडीची खूण वाडग्याच्या अंगावर कायमची उमटते. चिनी मातीची बशी अशी बाहेर काढली, तर तिच्या ठिकऱ्याच वेचाव्या लागतील. मग हा वाडगा का फुटत नाही?

त्याचे उत्तर, माझ्या मते, या वाडग्याच्या 'कच्चेपणात' आहे. चिनी माती भाजताना तिच्यातील काही खनिजे वितळतात, कणांमधल्या फटी भरून काढतात आणि भांडे काचेसारखे घट्ट बनते. राकूची माती मुळात भरड असते आणि ती उष्णतेत फार थोडा वेळ राहते, त्यामुळे कण एकमेकांना जेमतेम चिकटतात व त्यांच्यामध्ये हवेच्या असंख्य पोकळ्या उरतात. भांडे एकदम गार होते तेव्हा बाहेरचा थर आतल्या थराच्या आधी आकसतो आणि त्या ताणातून तडा सुरू होतो. घट्ट पदार्थात असा तडा सरळ आरपार धावतो. सच्छिद्र मातीत मात्र तो जवळच्या पोकळीपाशी किंवा भरड कणापाशी अडखळतो आणि तिथेच विरतो. बळकटीच्या परीक्षेत नापास होणारी ही माती उष्णतेच्या धक्क्याच्या परीक्षेत उत्तीर्ण होते, ती अशी.

झिलईच्या काळ्या रंगामागेही हीच घाई आहे. क्योतोतील कामो नदीचे लोह आणि मँगनीज असलेले दगड दळून ती तयार करतात. वितळलेल्या झिलईत लोह विरघळलेले असते. सावकाश गार होऊ दिले, तर त्याचे स्फटिक बनून पृष्ठभागावर तपकिरी छटा येते. वाडगा झटकन बाहेर काढल्याने स्फटिकांना वाढायला वेळच मिळत नाही आणि तो खोल काळा रंग जागच्या जागी थिजतो.

हा प्रकार सोळाव्या शतकातला. चहाविधीचे आचार्य सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) यांच्या पसंतीनुसार राकू घराण्याचे मूळपुरुष, कुंभार चोजिरो यांनी असे वाडगे घडवले. चाक न वापरता ते हातानेच आकारास आणायचे आणि नंतर पात्याने तासायचे, ही रीत घराण्याने अजून सोडलेली नाही. पंधरावे किचिझाएमोन (जन्म १९४९; घराण्याच्या प्रमुखाला हे नाव वारशाने मिळते) टोकियोत शिल्पकला आणि पुढे रोममध्ये शिकून १९८१ मध्ये गादीवर आले. कोळशाची प्रखर धग थेट अंगावर घेतलेले, दगडासारखे खडबडीत आणि कोनदार असे त्यांचे वाडगे परंपरा जपणाऱ्या चहाविधीच्या जाणकारांना धक्का देणारेच होते. २०१९ मध्ये त्यांनी ही जबाबदारी मुलाकडे, म्हणजे सोळाव्या किचिझाएमोनांकडे सोपवली.

वाडगा हातात घेणाऱ्याला या पोकळ्यांचा उपयोग लगेच जाणवतो. विधीतला दाट हिरवा चहा एकाच वाडग्यातून अनेक पाहुणे आळीपाळीने पितात, म्हणून तो बराच वेळ ऊन राहायला हवा. आणि वाडग्याला कान नसल्यामुळे तो दोन्ही तळव्यांत धरता यायला हवा. कोंडलेली हवा उष्णता फार मंद वाहून नेते, त्यामुळे जाड भिंतीतून ती तळव्यांपर्यंत हळूहळू झिरपते, चटका बसत नाही. आपल्या माठातही अशीच छिद्रे असतात, पण तिथे त्यांतून पाणी पाझरून बाहेर वाफ होत राहते आणि माठ गार पडतो. राकूवर झिलईचे आवरण असल्याने हे पाझरणे बहुतांशी अडते.

बहुतांशी म्हणायचे, कारण झिलईतही बारीक भेगा असतात. चहाचा डाग त्यांतून आत मुरू नये म्हणून वापरण्यापूर्वी वाडगा कोमट पाण्यात भिजवून ठेवतात. म्हणजे पोकळ्या आधीच पाण्याने भरतात. त्याने उष्णतारोधकता थोडी घटते, पण वाडगा ऊबही धरतो. हे पाणी बाहेर पडायला मात्र वेळ लागतो. वरून कोरडा दिसला म्हणून वाडगा त्याच संध्याकाळी लाकडी पेटीत ठेवला, तर आतल्या ओलीवर बुरशी धरते. म्हणून तो काही दिवस सावलीत, मोकळ्या हवेत पालथा न घालता ठेवतात.