सबरूटीन

सबरूटीन : एकदाच लिहून संगणकाच्या स्मृतीत ठेवलेला आणि मुख्य आज्ञावलीतून हवा तेव्हा, हव्या त्या ठिकाणाहून बोलावता येणारा आज्ञांचा गट. काम आटोपताच नियंत्रण बोलावल्या जागेच्या पुढील आज्ञेवर परतते. फंक्शन, प्रोसीजर, मेथड ही त्याचीच आजची रूपे.

कल्पनेच्या जनकत्वाविषयी मतभेद आहेत. हार्वर्ड मार्क १ या सुरुवातीच्या संगणकावर ग्रेस हॉपर व त्यांचे सहकारी तपासून घेतलेले आज्ञागट वह्यांत उतरवून ठेवत आणि नव्या कामात नकलून घेत. त्यात परतीची सोय नव्हती. ॲलन ट्यूरिंग यांच्या एसीई यंत्राच्या आराखड्यात (सु. १९४५-४६) परतीचा पत्ता स्मृतीत ‘पुरण्याची’ व नंतर ‘उकरून’ काढण्याची योजना आढळते. गणितज्ञ गोल्डस्टाइन व फॉन नॉयमन यांच्या १९४८ मधील अहवालातही हा विषय येतो. तथापि, चालत्या यंत्रावर नित्याच्या वापरात आलेली पद्धत केंब्रिज येथील एडसॅक यंत्रासाठी (१९४९) डेव्हिड व्हीलर यांनी बसवली, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

एडसॅकला परतीचा पत्ता राखणारी स्वतंत्र आज्ञा नव्हती. व्हीलर यांची युक्ती अशी : समजा, स्मृतीतील १०० व्या स्थानी ‘स्थान १०० मधील मजकूर संचयकात (बेरजेचा निकाल साठवणाऱ्या जागेत) मिळव’ ही आज्ञा आहे. संचयक आधी रिकामा असल्याने ती आज्ञाच संख्या म्हणून त्यात येते. बेरजेच्या आज्ञेचा संकेतांक २८, म्हणजे द्विमानात १११००. पहिला अंक चिन्ह दाखवत असल्याने आरंभीच्या १ मुळे ती संख्या ऋण ठरते. त्यामुळे १०१ मधील ‘ऋण असल्यास उडी घे’ ही आज्ञा हमखास सबरूटीनकडे नेते. तेथील पहिली आज्ञा एक ठरावीक स्थिरांक मिळवते आणि बेरजेतून ‘ऋण नसल्यास १०२ कडे जा’ अशी नवी आज्ञा तयार होते. दुसरी आज्ञा ती सबरूटीनच्या शेवटच्या स्थानी लिहून संचयक रिकामा करते. बोलावण्यापूर्वी संचयकात काही उरले असेल, तर परतीची आज्ञा बिघडून नियंत्रण भलतीकडे जाते.

सबरूटीन छिद्रित कागदी पट्ट्यांवर जपत. १९५१ पर्यंत अशा ८७ सबरूटीनचा संग्रह झाला होता. स्मृतीत कोठेही बसवता यावे म्हणून त्यांतील पत्ते आरंभस्थानापासून मोजलेले असत. पट्टी वाचली जात असतानाच प्रत्यक्ष आरंभस्थान त्यांत मिळवले जाई.

परतीची आज्ञा एकाच ठरावीक जागी लिहिली जात असल्याने सबरूटीनने स्वतःलाच बोलावल्यास पहिली परतीची आज्ञा पुसली जाते. अशा पुनरावर्ती वापरासाठी प्रत्येक बोलावण्याचा पत्ता वेगळा राखावा लागतो. अल्गोल ६० या आज्ञावली-भाषेनंतर त्यासाठी स्टॅक (शेवटी ठेवलेले आधी काढण्याची स्मृतीतील चळत) रूढ झाला. थांबण्याची अट चुकल्यास तोही भरून आज्ञावली बंद पडते.