एस्कलांटे खोऱ्याचे नकाशांकन

अमेरिकेतील यूटा राज्याच्या दक्षिण भागातील वाळवंटी घळयांच्या प्रदेशाची स्थलनिर्देशक मोजणी. येथील एस्कलांटे नदी आग्नेयीस वाहत जाऊन कोलोरॅडोला मिळते. अलास्का व हवाई सोडून उरलेल्या अमेरिकेत नकाशावर सर्वांत शेवटी आलेली नदी हीच, असे सामान्यतः मानतात.

तिच्या ‘शोधा’बद्दल एकमत नाही. जेम्स अँड्रसची मॉर्मन (यूटात वसलेला एक ख्रिस्ती पंथ) घोडदळाची तुकडी १८६६ मध्ये उगमाकडील खोऱ्यात पोचली. तेथील रानबटाट्यांवरून ‘पोटॅटो व्हॅली’ हे नाव पडले. १८७१ मध्ये मॉर्मन धर्मप्रचारक जेकब हॅम्बलिन हा कोलोरॅडोची पाहणी करणाऱ्या जॉन वेस्ली पॉवेलच्या मोहिमेसाठी शिधा घेऊन, कोलोरॅडोलाच मिळणाऱ्या डर्टी डेव्हिल नदीचे मुख शोधत निघाला व चुकून याच पात्रात बराच खाली उतरला. १८७२ मध्ये पॉवेलचा मेहुणा आल्मन टॉम्प्सन याने उंचावरून ताडले, की डर्टी डेव्हिलचे मुख हेन्री पर्वतापलीकडे असताना हा प्रवाह आग्नेयीस वळतो. अर्थात नदी वेगळी. नुसते पाहणे आणि ओळखणे यांत फरक केल्यास टॉम्प्सनचा पक्ष अधिक सबळ ठरतो. पाययूट या मूळ रहिवासी लोकांना हा मुलूख आधीपासून ठाऊक होता, हे मात्र विसरता येत नाही. टॉम्प्सनने ज्याचे नाव नदीला दिले तो फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक एस्कलांटे १७७६ मध्ये यूटातून गेला होता. ही नदी त्याने कधीच पाहिली नाही.

यूटातील कॅनॅब गावाजवळ सु. १४ किमी. लांबीची तळरेषा (अचूक मोजलेली आधाररेषा) आखून त्रिकोणीकरण, म्हणजे त्रिकोणांचे कोन मोजून दूरच्या जागा ठरवणे, करण्यात आले. १८७२-७३ च्या हिवाळ्यात तंबूत काढलेला पहिला नकाशा डेलेनबॉ या तरुण सहायकाने पत्र्याच्या नळीत घालून सॉल्ट लेक सिटीला नेला.

१८७९-८० मध्ये सु. २५० मॉर्मन वसाहतकरी येथून सॅन वान नदीकडे गेले. ‘होल-इन-द-रॉक’ ही कड्यातील फट सुरुंगांनी रुंदावून २६ जानेवारी १८८० रोजी त्यांनी गाड्या कोलोरॅडोकाठी उतरवण्यास प्रारंभ केला. एका ठिकाणी कड्याला भोके पाडून त्यांत लाकडी मेखा ठोकल्या व त्यांवर फांद्या-दगड रचून बाहेरच्या चाकापुरती वाट केली. सहा आठवड्यांच्या ठरवलेल्या प्रवासाला सहा महिने लागले.

पुढील १ : २४,००० प्रमाणाच्या नकाशांवरही अशा जागा नीट उमटत नाहीत. ३ मी. रुंदीची फट कागदावर जेमतेम ०.१२५ मिमी. होते, कड्यापाशी समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) एकमेकींना चिकटतात. कोलोरॅडोवरील ग्लेन कॅन्यन धरणात १९६३ पासून पाणी साठू लागल्यावर नदीचा खालचा भाग व या वाटेचे कोलोरॅडोकाठचे टोक बुडाले. जलाशयाची पातळी बदलती असल्याने नकाशावरील किनारा आणि प्रत्यक्ष काठ यांचा मेळ क्वचितच बसतो.