शिशुवयातील घरगुती हस्तकाम

शिशुवयातील घरगुती हस्तकाम म्हणजे साधारण १ ते ६ वर्षे वयाच्या मुलांनी घरातल्या नेहमीच्या वस्तू घेऊन केलेले मळणे, फाडणे, चिकटवणे, ओवणे, ओतणे, निवडणे, ठसे उमटवणे, रेघोट्या ओढणे असे खेळासारखे काम. बालवाडीत याला हस्तव्यवसाय किंवा हस्तोद्योग म्हणतात. मोठ्या मुलांच्या कार्यानुभवाशी ते दिसायला मिळतेजुळते असले तरी दोन्हींचा हेतू वेगळा आहे. कार्यानुभवात शेवटी एखादी वस्तू हातात यावी लागते. इथे वस्तू झाली नाही तरी काम पुरे होते. दोन वर्षांच्या मुलाने दहा मिनिटे कणकेचा गोळा नुसता चेपला, त्यात बोटे खुपसली आणि तो परत मोडून टाकला, तर त्याच्या तळव्याला, बोटांना आणि डोळ्यांना जे मिळायचे ते मिळालेले असते. मोठ्यांना हे पटायला जड जाते. घरोघरी या कामाचा विचका होतो तो बहुधा इथेच : आई-बाबा मुलाच्या हातून काम काढून घेतात आणि ‘छान’ करून देतात.

नऊ-दहा महिन्यांच्या सुमारास बाळ अंगठा आणि तर्जनी जुळवून जमिनीवर सांडलेले भाताचे शीत उचलू लागते. त्याआधी ते सगळा पंजा वापरते. दीड वर्षाच्या आसपास खडू मुठीत धरून ते रेघोट्या मारते. दोन वर्षांनंतर उभी रेघ, तीन वर्षांच्या सुमारास गोल, चारच्या आसपास फुली, आणि पाचच्या पुढेमागे चौकोन व त्रिकोण अशा क्रमाने आकार हाताशी येतात. ठोकळ्यांचा मनोरा सव्वा वर्षाचे मूल दोनांचा करते, दोन वर्षांचे सहा-सातांचा. ही वये सरासरीची असतात. शेजारचे मूल दोन महिने आधी गोल काढू लागले म्हणून कासावीस व्हायचे कारण नाही. हाताचा ताबा खांद्याकडून कोपराकडे, कोपराकडून मनगटाकडे आणि शेवटी बोटांकडे येतो. म्हणून दोन वर्षांच्या मुलाला चौकटीची वही देणे चूकच. त्याला अंगणातली फरशी आणि जाड खडू द्यावा, किंवा भिंतीवर चिकटवलेला मोठा कागद द्यावा. तिथे त्याचा सगळा हात फिरतो.

लिहिण्याची तयारी यातूनच होते. देवनागरीत काना ही उभी रेघ, शिरोरेषा ही आडवी, आणि ट, ठ, ड यांत गोलाई. मराठीत अक्षरओळख पूर्वापार ‘ग म भ न’ अशी सुरू करतात, ती वर्णमालेच्या क्रमाने नाही. या अक्षरांच्या वळणांत सारखेपणा आहे आणि त्यांतला काना हाताला लवकर जमतो. उभी, आडवी, तिरपी रेघ आणि अर्धगोल ज्याने कणकेच्या वळकट्यांनी, काड्यांनी, दोऱ्याने शेकडो वेळा केले आहेत, त्याला पेन्सिल हातात आल्यावर अक्षर परके वाटत नाही. तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाकडून पानेच्या पाने गिरवून घेण्याने मात्र बोटे दुखतात आणि लिहिण्याचा कंटाळा पक्का होतो.

ही समज नवी नाही. पूर्वी मुले धूळपाटीवर शिकत : लाकडी फळीवर बारीक माती किंवा विटकरीचा भुगा पसरायचा आणि बोटाने वा काडीने अक्षर काढायचे, चुकले की हात फिरवून पुसायचे. ‘धुळाक्षरे गिरवणे’ हा शब्दप्रयोग तिथूनच आला. आज परातीत रव्याचा पातळ थर पसरून मुलाला बोटाने रेघा ओढायला देतात, ती धूळपाटीच. चूक राहत नाही, म्हणून चुकायची भीतीही नाही.

युरोपात फ्रीडरिख फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये जर्मनीतल्या बाड ब्लांकेनबुर्ग इथे लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. कागदाच्या घड्या, कागदी पट्ट्यांचे विणकाम, मातीकाम, काड्यांच्या टोकांना भिजवलेले वाटाणे टोचून केलेले सांगाडे अशी कामे त्यांनी शिक्षणक्रमात आणली. मारिया माँटेसरी यांचे पहिले बालगृह रोममधल्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी सुरू झाले. त्यांनी ओतणे, पुसणे, गुंड्या लावणे, फुले मांडणे या घरकामांनाच अभ्यासाचा दर्जा दिला.

माँटेसरींचे साधन-साहित्य मात्र महाग होते, आणि त्यातून महाराष्ट्र-गुजरातेत जे काम उभे राहिले ते या नोंदीच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे आहे. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर काढले. तिथे त्यांच्याबरोबर ताराबाई मोडक यांनी काम केले. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डी इथे (तेव्हाचा ठाणे, आताचा पालघर जिल्हा) गावातल्या मुलांसाठी काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या आणि पुढे हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी पाड्यांतल्या मुलांना पितळी आणि पॉलिश केलेली साधने कुठून आणायची? म्हणून शंख-शिंपले, बिया, पाने, खडे, काड्या, माती हेच साहित्य झाले. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, ही अंगणवाडीची कल्पना याच कामातून रुजली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही चालल्या. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले, अनुताईंना १९८४ मध्ये पद्मश्री. देशभरच्या अंगणवाड्या ज्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेतून उभ्या राहिल्या ती २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे. साधने परिसरातून घ्यायची, हे कोसबाडचे सूत्र घराला जसेच्या तसे लागू पडते.

घरातली सर्वांत समृद्ध कार्यशाळा म्हणजे स्वयंपाकघर. वर्ष-दीड वर्षाच्या मुलाला खालच्या कप्प्यातले डबे, वाट्या आणि झाकणे द्यावीत. भरणे आणि रिकामे करणे, हाच त्या वयाचा मोठा उद्योग. कोणते झाकण कोणत्या डब्याचे हे शोधताना लहान-मोठे कळते. अडीच-तीन वर्षांचे मूल मटार सोलू शकते, मेथीची पाने खुडू शकते, कोथिंबीर निवडू शकते. शेंगेवर नेमका दाब कुठे द्यायचा हे अंगठ्याला उमगते. वाटाणे मोजायचे, एका शेंगेत किती निघाले ते सांगायचे. जेवायला बसताना घरात माणसे किती आणि ताटे किती, एकेकाला एकेक वाटी, यातून संख्येची खरी ओळख होते. एक ते शंभर पाठ म्हणणारे मूलसुद्धा पुष्कळदा पाच वाट्या आणायला सांगितल्यावर गोंधळते, कारण म्हणणे आणि मोजणे या वेगळ्या गोष्टी आहेत. ओतण्याचा सराव आधी कोरड्याचा घ्यावा, तांदूळ किंवा रवा फुलपात्रातून वाटीत, मग पाण्याचा. खाली ताट ठेवावे आणि सांडले तर पुसायचे फडके मुलाच्याच हातात द्यावे.

पोळ्या लाटताना मागितलेला कणकेचा गोळा हे मराठी घरातले सर्वांत जुने हस्तकाम असावे. तो लवकर आंबतो, म्हणून टिकाऊ गोळ्यासाठी २ वाट्या मैदा, १ वाटी मीठ, २ चमचे तेल आणि लागेल तसे पाणी (१ वाटीहून थोडे कमीच) घेऊन घट्ट मळावे. झाकणाच्या डब्यात तो काही दिवस चांगला राहतो. हळद घातली की पिवळा, बीटच्या रसाने गुलाबी, पालकाने हिरवा. मिठाचे प्रमाण फार असल्याने तो पोटात जाऊ देता कामा नये. सगळे तोंडात घालणाऱ्या मुलाला साधी कणीकच द्यावी. हळदीची आणखी एक गंमत चार-पाच वर्षांच्या मुलांना फार आवडते. हळदीचे पाणी कागदाला फासून वाळवावे आणि त्यावर साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने चित्र काढावे. रेघ लाल उमटते. गोकर्णीच्या फुलांच्या निळ्या पाण्यात लिंबू पिळले की ते जांभळट गुलाबी होते. कारण सांगायची घाई करू नये. मूल स्वतःच ताक, दही, चिंच घेऊन येते.

कागदाचे काम फाडण्यापासून सुरू होते. वर्तमानपत्र एका दिशेने सरळ पट्टीत फाटते, दुसऱ्या दिशेने वाकडेतिकडे. हा शोध मुलाला लागू द्यावा. कात्रीसाठी मात्र वर्तमानपत्र वाईट, ते लवलवते. पहिल्या कातरकामाला जुन्या लग्नपत्रिका उत्तम : जाड, ताठ, रंगीत, आणि घरोघरी साठलेल्या. तीन वर्षांच्या पुढे बोथट टोकाची कात्री देऊन आधी अरुंद पट्टीचे एकेका कापात तुकडे पाडायला शिकवावे. रेघेवरून कातरणे चारच्या पुढे जमते. चिकटवायला घरची खळ पुरते : चमचाभर मैदा पाण्यात कालवून मंद आचेवर शिजवावा. पुस्तकबांधणीच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत. तो विषारी आहे, मुलांच्या खळीत घालू नये. ती दोन-तीन दिवसांत संपवावी, म्हणजे झाले.

ठशांसाठी भेंडी आडवी चिरली की बहुधा पाच पाकळ्यांचे फूल मिळते. कांद्याची वर्तुळे, बटाट्यावर कोरलेला आकार, आपला अंगठा, हे सगळे चालते. पानाखाली काय दडले आहे ते पाहायचे तर पिंपळाचे पान कागदाखाली ठेवून वरून मेणखडू आडवा घासावा, शिरांची सगळी जाळी उमटते. ओवण्यासाठी बुटाची नाडी आणि प्लास्टिकच्या बांगड्या किंवा स्ट्रॉचे तुकडे घ्यावेत. सुई फार पुढची गोष्ट.

आपल्या वर्षभराच्या सणांत याचा एक अभ्यासक्रमच विणलेला आहे, आणि त्याचा वापर कमी होत चालला आहे याची खंत वाटते. बेंदूर-पोळ्याला मातीचे बैल होतात. विदर्भात तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल सजवून मिरवतात. गणपतीआधी शाडूची माती घरात येते. तिचा एक गोळा मुलाला वेगळा मिळावा आणि त्याचा गणपती सोंडेशिवाय झाला तरी मखराजवळ बसावा. दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांनी सरस्वती रेखाटतात. एक हा आकडा चित्रही होतो हे मुलाला तिथे कळते. दिवाळीचा किल्ला म्हणजे माती, पाणी, उतार, आणि अळीव पेरून चार-पाच दिवसांत उगवलेले रान. रांगोळीचे ठिपके मोजणे, दोन ठिपके जोडणे, डावीकडे काढले तसेच उजवीकडे काढणे, ही पाच वर्षांच्या मुलासाठी भूमितीच आहे. परदेशातल्या मराठी घरांत अंगण आणि शाडू नसते, तिथे साध्या चिकणमातीवर आणि मैद्याच्या गोळ्यावर हेच सण निभावतात, आणि गोळा मळताना बोलले जाणारे ‘चेप’, ‘वळ’, ‘थाप’, ‘लाट’ हे शब्द मुलांकडे टिकतात.

कारण हात चालताना भाषा वाढते. मऊ, चिकट, खरखरीत, ओलसर, ठिसूळ ही विशेषणे चित्र दाखवून शिकवता येत नाहीत. मोठ्या माणसाने शेजारी बसावे, आपलेही काहीतरी करावे, आणि ‘हे काय काढलंस?’ असे लगेच विचारू नये. तीनच्या आतल्या मुलाने पुष्कळदा काहीच ‘काढलेले’ नसते. त्याने रेघ अनुभवलेली असते. ‘ही रेघ केवढी लांब गेली!’ एवढे पुरते. छापील चित्राच्या रेघेत रंग भरण्याला या वयात अवास्तव महत्त्व मिळाले आहे. त्यात निर्णय दुसऱ्याने घेतलेले असतात. विकतच्या तयार संचांतही हाच दोष असतो : तुकडे कापलेले, जागा ठरलेली, शेवट खोक्यावर छापलेला. डाव्या हाताने काम करणाऱ्या मुलाचा हात बदलू नये. लक्ष पाच मिनिटांत उडाले तर काम उचलून ठेवावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये २ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी पडद्यासमोर बसण्याची मर्यादा दिवसाला जास्तीत जास्त १ तास सांगितली आहे, कमी तितके चांगले. वर्षाच्या आतल्या बाळासाठी पडदा नकोच. हस्तकामाचे व्हिडिओ मुलाला दाखवत बसणे म्हणजे हस्तकाम नव्हे.

काळजी घेण्याच्या गोष्टी नेमक्या आहेत. शेंगदाणे, हरभरे, चिंचोके, मणी, गुंड्या तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती देऊ नयेत. घशात अडकतात, आणि नाकाकानात गेलेले कडधान्य ओलाव्याने फुगते. मोठ्या मुलासाठीही मोठे माणूस समोर हवे. गुंजा सुंदर दिसतात पण जहरी असतात, एरंडाच्या बियाही. शेंदूर हे शिशाचे संयुग आहे, तो रंग म्हणून वापरू नये. रिमोटमधल्या आणि खेळण्यांतल्या चपट्या बटनासारख्या बॅटऱ्या आणि छोटे लोहचुंबक गिळले गेले तर आतडी-अन्ननलिकेला इजा होते. मूल तातडीने रुग्णालयात न्यावे लागते. पाण्याचा खेळ चालू असताना, बादली लहान असली तरी, उठून जाऊ नये.

झालेली कामे सगळी जपता येत नाहीत. निवडक कागदांच्या मागे तारीख आणि मुलाने त्याविषयी जे म्हटले ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवण्याची पद्धत चांगली आहे. असा गठ्ठा वर्षाने चाळला की रेघोट्यांच्या जंजाळातून एक मिटलेला गोल सुटा झालेला दिसतो. पुढे त्या गोलाला दोन डोळे येतात, आणि धड नसतानाच थेट डोक्यातून दोन लांब पाय फुटतात. साडेतीन-चार वर्षांची जगभरची मुले माणूस असाच काढतात. त्या कागदामागे बहुधा ‘आजी’ किंवा ‘बाबा’ असे लिहिलेले असते.